खुर्चीचे हात

आमच्या गांवच्या वाड्याची वांटणी गेल्या वर्षीं झाली. तांब्यापितळेचीं भांडीं, पेट्या, समया, पुस्तकें हीं सर्व सामोपचारानें वांटलीं गेलीं. घोडें अडलें तें एका खुर्चीपाशीं. शिसवी लांकडाची, वेताच्या बैठकीची, दोन हातांची ही जुनी खुर्ची ओटीच्या कोपऱ्यांत कित्येक वर्षें धूळ खात उभी होती. घरांत तिला ‘आजोबांची खुर्ची’ म्हणत. वांटणीची वार्ता लागतांच जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन दाखल झाला. त्यानें खुर्चीभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या, पाठीवरील नक्षीवरून बोट फिरविलें, आणि आम्हीं भावंडांनीं एकमेकांकडे पाहावें असा आंकडा सांगितला. “माल दीडशें वर्षांचा दिसतो,” तो म्हणाला, “आणि हातांची आहे म्हणून हा भाव. बिनहातांची असती तर निम्मेही दिले नसते.” तो गेल्यावर माझ्या पुतण्यानें विचारलें, “काका, दोन लांकडी हातांना एवढें मोल कां?”

प्रश्न साधा होता. पण मला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. ज्या वस्तूवर आपण जन्मभर बसतों तिच्याविषयीं आपणांस किती थोडी माहिती असते, हें त्या दिवशीं ध्यानांत आलें. पुढें कांहीं महिने या विषयावर जें वाचलें, आणि जुन्या बाजारांतून हिंडून जें पाहिलें, तें येथें मांडीत आहें. हल्लीं शहरांतील नव्या घरांतून एखादी तरी जुनी हातांची खुर्ची असावी अशी हौस पुष्कळांना वाटूं लागली आहे. कोणी तिचें वय विचारतो, कोणी नक्षी पाहतो, कोणी एखाद्या प्रसिद्ध कारागिराच्या नांवावर भाळतो. माझें म्हणणें एवढेंच कीं, खुर्ची किती वर्षांची हा प्रश्न दुसरा. ती कोणाच्या देहासाठीं व कसल्या बसण्यासाठीं घडविली, हा प्रश्न पहिला. आणि त्याचें उत्तर बहुधा तिच्या हातांपाशींच सांपडतें.

नुसत्या बसण्याला हातांची कांहीं गरज नाहीं. आपल्याकडे पाट होता, चौरंग होता, जाजम होतें. टेकावयाला लोड आणि तक्के होते. हें सारें सामान हवें तिकडे सरकवितां येई, आणि बैठकींत दहा माणसें आलीं तर दहाहि जणांना टेकावयाला मिळे. हातांच्या खुर्चीचा स्वभाव याच्या उलट आहे. ती एकालाच आपल्यांत घेते आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांस अंतरावर ठेवते. म्हणून प्राचीन काळीं ती विश्रांतीची वस्तु म्हणून नव्हे, तर अधिकाराची खूण म्हणूनच बहुधा आपल्या दृष्टीस पडते.

ईजिप्तमध्यें गीझा येथें इ. स. १९२५ सालीं हेतेफेरेस राणीचें दफन उजेडांत आलें. महापिरॅमिड बांधविणाऱ्या खुफूची ही माता; तिचा काळ आजपासून सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचा. तिच्या खुर्चीचें लांकूड कुजून गेलें होतें, परंतु त्यावर मढविलेले सोन्याचे पत्रे उरले होते. त्यांच्या आधारानें संशोधकांनीं ती खुर्ची पुन्हां उभी केली. तिच्या प्रत्येक हाताच्या चौकटींत पपायरसच्या तीन फुलांची जुडी बसविली आहे. आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणांत राज्याभिषेकाच्या आसंदीचें वर्णन आहे: लांकूड औदुंबराचें, विणकाम मुंज गवताचें आणि वर व्याघ्रचर्म. विणलेल्या बैठकीची कल्पना या देशाला परकी नाहीं, हें यावरून दिसतें. पुढें इ. स. १६७४ त रायगडावर शिवछत्रपतींचा अभिषेक झाला. त्या वेळच्या सिंहासनाचें सोनें सभासदानें बत्तीस मण सांगितलें आहे. अशा आसनावर कोणी विसावा घेण्यासाठीं बसत नाहीं; राज्य चालविण्यासाठीं बसतो.

युरोपांतहि हाच प्रकार होता. बिशपाच्या आसनाला लॅटिन भाषेंत ‘कॅथेड्रा’ म्हणत. तें आसन ज्या देवळांत असे तें ‘कॅथीड्रल’. इंग्रजींतील ‘चेअर’ हा शब्द त्याच मुळापासून फ्रेंचच्या द्वारें आला, आणि पोर्तुगीजांचा ‘कादैरा’ हाहि त्याचाच वंशज. गोव्याच्या कोंकणींत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. म्हणजे म्हापशाच्या घरांतील साध्या खुर्चीच्या नांवांत बिशपाचें आसन अद्यापि दडलेलें आहे. आपला ‘खुर्ची’ हा शब्द मात्र अरबी ‘कुर्सी’वरून फारसीच्या वाटेनें आला. इंग्लंडच्या राजांची अभिषेकाची खुर्ची पहिल्या एडवर्डानें इ. स. १३०० च्या सुमारास ओक लांकडाची करविली. स्कॉटलंडहून जिंकून आणलेली शिळा तिच्या बैठकीखालीं बसवावयाची, एवढ्यासाठीं ती घडविली गेली. इ. स. २०२३ मध्यें तिसरा चार्ल्स तीवरच बसला.

या मानापमानाची परमावधि फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारांत झाली. तेथें हातांची खुर्ची, बिनहातांची पाठीची खुर्ची आणि बिनपाठीचें तिवईवजा आसन अशा तीन पायऱ्या होत्या. कोणासमोर कोणी कशावर बसावें, याचे नियम ठरलेले होते. राजाराणीच्या समक्ष त्या तिवईवर बसावयास मिळणें हा डचेस स्त्रियांचा मोठा मान समजला जाई. बाकीच्यांनीं उभें राहावयाचें. आपल्याकडेहि दरबारांत कोणी कोठें बसावें यावरून किती कलह झाले, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हां पुतण्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें: खुर्चीच्या हातांना मोल आलें तें सुखामुळें नव्हे, मानामुळें.

हे हात सुखासाठीं वांकले ते अठराव्या शतकांत. पंधराव्या लुईच्या काळीं पॅरिसचे श्रीमंत लोक मोठाले दरबारी महाल सोडून लहान, उबदार दिवाणखान्यांत बसून गप्पा करूं लागले, आणि खुर्ची भिंतीपासून सुटून मंडळींत आली. तिची पाठ मागें कलली, बैठक बुटकी व खोल झाली. हातांना आधार देणारे पुढचे खांब बैठकीच्या टोंकापासून मागें सरकले, कारण त्या काळच्या स्त्रियांचे घेरदार झगे पुढें पसरावयास जागा हवी होती. हाताखालची पोकळी कापडानें व गादीनें बंद केलेली खुर्ची, जिला फ्रेंच लोक ‘बर्जेर’ म्हणतात, ती याच काळची. एखाद्या जुन्या फ्रेंच खुर्चीचे हात आंखूड कां, असा प्रश्न पडला तर उत्तर लांकडांत शोधूं नये. तें वस्त्रांत आहे.

या काळच्या पॅरिसच्या खुर्चीची ओळख पटण्यास आणखी एक साधन आहे. तेथील सुतारसंघाच्या नियमानें शतकाच्या मध्यापासून उस्ताद कारागिरांना आपल्या कामावर नांवाचा ठसा मारणें भाग होतें; तो बहुधा बैठकीच्या चौकटीच्या आंतल्या अंगास सांपडतो. राज्यक्रांतीनंतर १७९१ सालीं हे संघच मोडले. इंग्लंडांत असा नियम नव्हता, आणि तेथेंच पुष्कळ खरेदीदार फसतात. टॉमस चिपेंडेल यानें इ. स. १७५४ मध्यें दीडशेंहून अधिक चित्रपटांचा एक नमुनासंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या वर्गणीदारांत सरदार होते, तसे सुतारहि होते. त्यामुळें त्याचे नमुने शेंकडों कारखान्यांत उतरले. हेपलव्हाइटचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ सालीं त्याच्या विधवेनें काढलें. शेरेटनचें १७९१ पासून निघूं लागलें. म्हणून दुकानदार जेव्हां ‘ही चिपेंडेलची खुर्ची’ असें म्हणतो, तेव्हां बहुशः त्याचा अर्थ ‘त्या धाटणीची’ एवढाच घ्यावा. हा नमुना नंतरच्या दोनशें वर्षांत अखंड घडत आलेला आहे. नांवापेक्षां लांकूड अधिक खरें बोलतें. इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओकचें राज्य होतें. मग अक्रोड आलें. आणि १७२१ च्या कायद्यानें अमेरिकेंतील वसाहतींच्या लांकडावरची जकात उठल्यावर महोगनीनें हळूहळू सर्वांना मागें टाकलें.

येथवर खुर्ची पश्चिमेची. पण तिची बैठक पूर्वेची आहे. मलायाकडील वेत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडांत पोंचला आणि १६६० नंतर वेताच्या जाळीच्या खुर्च्यांना तेथें विलक्षण मागणी आली. त्या हलक्या, स्वस्त, आणि कसर न लागणाऱ्या होत्या. लोंकरीचें कापड विणणारे व गाद्या भरणारे यांचा धंदा इतका बसला कीं, वेताच्या खुर्च्या बंद कराव्या म्हणून त्यांनीं पार्लमेंटाकडे अर्ज केले. ते अर्ज फुकट गेले. मौज अशी कीं, पूर्वेचा वेत इंग्लंडांत गेला त्याच सुमारास युरोपची खुर्ची पूर्वेस येत होती, आणि दोघांची गांठ आपल्या किनाऱ्यावर कायमची पडली.

पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें गोवा घेतला. त्यांच्या देवळांसाठीं व घरांसाठीं युरोपी घाटाच्या खुर्च्या लागत. त्या घडविल्या येथल्या सुतारांनीं. नमुना परका, हात आपला. त्यामुळें पाठीच्या कोरीव कामांत येथलीं फुलें, पानें, नाग, मोर शिरले. लंकेंत, बटाव्हियांत आणि कोरोमांडल किनाऱ्यावर डचांच्या वस्त्यांतून वाटोळ्या बैठकीच्या, सहा पायांच्या व अर्धवर्तुळ पाठीच्या खुर्च्या होऊं लागल्या. त्यांना ‘बर्गोमास्टर’ हें नांव मागाहून पडलें. विशाखापट्टणचे कारागीर इंग्रजी धाटणीच्या खुर्च्यांवर हस्तिदंताचें जडावकाम करीत. मुंबईंत एकोणिसाव्या शतकांत शिसवी कोरीव सामानाचा मोठा धंदा उभा राहिला. पारशी शेटजींच्या दिवाणखान्यांतून तें सामान कांहीं ठिकाणीं अद्यापि दृष्टीस पडतें. त्याचें कोरीव काम पाहण्यास अप्रतिम, परंतु टेकणाऱ्याच्या पाठीला प्रत्येक पाकळी टोंचते. अशी खुर्ची घेणाराने ती पाहण्यासाठीं घेत आहोंत कीं बसण्यासाठीं, याचा आधींच निर्णय करावा. दोन्ही हेतु चांगले आहेत. त्यांची गल्लत मात्र वाईट.

आपल्या हवेला खरी मानवली ती लांब हातांची आरामखुर्ची. मळेवाले, कलेक्टर, इंजिनियर यांच्या बंगल्यांच्या ओसऱ्यांतून ती वाढली. मागें उतरती पाठ, पाठीपासून बैठकीपर्यंत एकच सलग वेताची जाळी, आणि रुंद, सपाट, पुढें निघालेले हात; कांहींच्या हाताखालून आणखी एक फळी फिरवून पुढें काढतां येते, म्हणजे तीवर पाय पसरतां येतात. विलायतेंत गादीच्या खुर्चींत घोड्याचे केस भरीत आणि एकोणिसाव्या शतकांत त्यांच्याखालीं स्प्रिंगा आल्या. थंडींत तें सुखाचें. कोंकणच्या पावसाळ्यांत अशी गादी ओल धरते व वास मारूं लागते. वेतांतून मात्र वारा खेळतो. आपल्या घरासाठीं जुनी खुर्ची निवडतांना हा हवामानाचा विचार पुष्कळजण विसरतात, आणि मखमलीच्या विलायती खुर्चीवर शेवटीं चादर टाकून ठेवतात.

साहेबाच्या ओसरींतून ही खुर्ची वकील, मुनसफ, मामलेदार, हेडमास्तर यांच्या ओटीवर आली. बदली झालेल्या अंमलदाराच्या सामानाचा लिलाव झाला कीं, एकदोन खुर्च्या गांवांतील पुढारी मंडळी विकत घेत. आमच्या आजोबांनीं अशाच लिलावांत एक जोडी घेतली, असें घरीं सांगत. आणि येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. फ्रेंच दरबाराच्या नियमांना आपण हंसतों. पण आपल्या ओटीवर तरी दुसरें काय होतें? खुर्ची यजमानाची. आलेला पक्षकार जाजमावर, कूळ पायरीवर. आणि घरांतील बायकांचा खुर्चीशीं संबंध तिच्यावरची धूळ झाडण्यापुरता. सासऱ्यांच्या खुर्चीवर सून बसली, असें दृश्य आमच्या आजीच्या पिढींत कल्पनेंतहि येणें कठीण. ‘घरांतील जुनी खुर्ची’ असें आपण कौतुकानें म्हणतों, तेव्हां ती घरांतील एकाचीच होती, हें विसरूं नये.

ही मक्तेदारी यंत्रानें मोडली. मिखाएल थोनेट या कारागिरानें बीचचें लांकूड वाफेनें वांकविण्याची युक्ति साधली, आणि १८५९ सालीं त्याची चौदा नंबरची खुर्ची निघाली. सहा तुकडे व थोडे स्क्रू, एवढाच तिचा संसार. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटींत मावत. याच पद्धतीनें हातांच्या खुर्च्याहि झाल्या. १८६९ सालीं त्याचा हक्क संपला आणि मध्य युरोपांतील इतर कारखाने तेंच काम करूं लागले. मुंबई-पुण्याच्या इराण्यांच्या हॉटेलांतील वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या याच कुळांतल्या. तेथें एक आणा टाकणारा हमाल आणि कॉलेजांतील प्रोफेसर एकाच खुर्चीवर पाळीपाळीनें बसत. या दृष्टीनें ती खुर्ची कोरीव शिसवी सिंहासनाहून मला मोठी वाटते.

दुसरी एक खुर्ची आपल्या देशाच्या नांवानेंच जगांत गेली. रुरकी येथें लष्करी इंजिनियरांचें ठाणें होतें. त्या गांवावरून ‘रुरकी खुर्ची’ हें नांव पडलें. चार खरादी पाय, आडव्या दांड्या आणि जाड कापड किंवा चामडें. स्क्रू नाहीं, सरस नाहीं. मिनिटांत सोडावी, मिनिटांत जोडावी. जमीन खालींवर असली तरी तिचे चारहि पाय टेकतात, कारण तिचे सांधेच सैल असतात. डेन्मार्कचा कोरे क्लिंट यानें १९३३ सालीं तिच्यावरूनच आपली ‘सफारी’ खुर्ची बनविली.

तिसरी कथा अलीकडची व थोडी लज्जास्पद आहे. चंदीगड शहर वसत असतां, १९५१ पासून पुढें, पिएर जानरे या वास्तुशास्त्रज्ञानें तेथील कचेऱ्यांसाठीं साग व वेत यांच्या हातांच्या खुर्च्या योजिल्या. इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उलटें ठेवावें तसे त्यांचे पाय असतात. पुढें त्या मोडक्या म्हणून गच्चींवर व आवारांत रचल्या गेल्या आणि भंगाराच्या भावानें लिलावांत गेल्या. परदेशच्या व्यापाऱ्यांनीं त्या नेल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना डोळे विस्फारणाऱ्या किंमती आल्या. तेव्हां आपण जागे झालों. २०११ मध्यें केंद्र सरकारनें हें सामान बाहेर जाऊं नये म्हणून हुकूम काढला. आतां बाजारांत त्यांच्या नकला इतक्या आहेत कीं, खरी ओळखणें जाणत्यासहि कठीण. ज्या वस्तूला आपण अडगळ म्हणतों तिची परीक्षा आपणच आधीं करावी, एवढा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

ही परीक्षा कशी करावी? प्रथम खुर्ची उलटी करावी. वरून पॉलिश बोलतें, खालून लांकूड बोलतें. आंतल्या चौकटीवर रंध्याचे अथवा पटाशीचे किंचित् वेडेवांकडे माग असतील तर काम हाताचें. अर्धवट वाटोळे ओरखडे दिसले तर लांकूड यंत्राच्या चक्राकार करवतीनें कापलेलें, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडचें. परंतु उलट अनुमान करूं नये: आपल्याकडे हातकरवतीनें लांकूड कापण्याची चाल विसाव्या शतकांतहि चालूं होती, म्हणून सरळ माग दिसले एवढ्यावरून खुर्ची जुनी ठरत नाहीं. स्क्रू जुना असेल तर त्याचें टोंक बोथट व डोक्यावरची खांच मध्याच्या जरा बाजूस असते. अणकुचीदार, सारखे स्क्रू १८४० नंतरचे. खरादावर गोल केलेला दांडा शंभर वर्षांत आडवा आकसतो. बोटांनीं चांचपला तर किंचित् लंबगोल लागतो. झीज योग्य जागीं आहे कीं नाहीं, हें पाहावें. तळहात टेंकतो तेथें, टांच लागते त्या पुढच्या दांड्यावर, पायांच्या तळाशीं झीज हवी. सर्वत्र सारखी झीज असेल तर ती काळानें केलेली नसून कांचकागदानें केलेली असते.

मग खुर्चीवर बसावें, आणि चांगलीं दहा मिनिटें बसावें. तळवे जमिनीस टेंकले पाहिजेत; कोंपरें हातांवर ठेवलीं असतां खांदे वर उचलले जातां कामा नयेत; आणि उठतांना हातांवर भार दिला तर सांधा कुरकुरतां कामा नये. वेत फाटला असेल तर भिऊं नये. वेत हा बदलण्यासाठींच असतो, आणि नवा विणून घेतल्यानें खुर्चीच्या प्रामाणिकपणास बाध येत नाहीं. लांकडाला भोकें असतील आणि त्यांतून ताजी भुकटी गळत असेल, तर मात्र ती खुर्ची घरांत आणूं नये. जुनें पॉलिश खरवडून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. तो काळोखा तकाकीचा थर शंभर वर्षांच्या हातांनीं चढविलेला असतो, तो एका दुपारींत उतरतो आणि पुन्हां चढत नाहीं.

कायद्याचेंहि भान असावें. अमेरिकेच्या १९३० च्या जकातकायद्यानें १८३० पूर्वींच्या वस्तूंसच ‘प्राचीन’ मानलें होतें. १९६६ पासून तेथें शंभर वर्षांची मर्यादा आली. आपल्या १९७२ च्या कायद्यांतहि पुराणवस्तूसाठीं सामान्यतः शंभर वर्षांचीच अट आहे, आणि अशी वस्तु खाजगी मनुष्यास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. शिसवाचें सारें कुळ २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखालीं आहे. हस्तिदंताच्या खरेदीविक्रीस आपल्याकडे बंदीच आहे. तेव्हां परदेशांतील मुलाकडे आजोबांची खुर्ची पाठवूं इच्छिणाराने आधीं चौकशी करावी.

आणखी एक खूण शेवटीं सांगतों, कारण आमच्या घरच्या गोष्टीचा उलगडा तीनेंच झाला. हातांच्या खुर्चीला अधिक किंमत येते, म्हणून साध्या खुर्चीला मागाहून हात लावण्याची लबाडी फार जुनी आहे. ती ओळखण्याचा उपाय सोपा: एकाच संचांतील हातांची खुर्ची मुळांतच बिनहातांच्या खुर्चीहून रुंद, बहुधा दोनेक इंचांनीं रुंद, करीत, कारण दोन हातांच्या मध्यें माणूस मावावा लागतो. हें वाचल्यावर मीं पुन्हां गांवीं गेलों. आजोबांनीं घेतलेल्या जोडीतील दुसरी खुर्ची, बिनहातांची, धान्याच्या खोलींत डबे ठेवण्यास वापरीत होते. दोन्हींच्या बैठकी मोजल्या. अगदीं सारख्या भरल्या. मग हात नीट पाहिले. खुर्ची शिसवी, पण हात काळा रंग दिलेल्या सागाचे. आणि जेथें ते पाठीच्या खांबांना मिळाले होते तेथें सुतारानें जुनी नक्षी निर्दयपणें तोडून खांच पाडली होती.

व्यापाऱ्यास मीं हें सांगितलें. तो प्रामाणिक होता. त्यानें स्वतः खांच पाहिली, मान हलविली, आणि भाव निम्म्याच्याहि खालीं आणला. माझी निराशा झाली, हें लपवीत नाहीं. त्या संध्याकाळीं नव्वदीच्या घरांतल्या आमच्या आत्याला सहज विचारलें, “आत्या, आजोबांच्या खुर्चीला हात कोणी बसविले ग?”

ती म्हणाली, “अरे, ती त्यांची कसली? ते गेले तेव्हां तिला हात नव्हतेच. स्वातंत्र्यानंतर चारपांच वर्षांनीं आईचे गुडघे धरले. पाटावरून उठतां येईना. दादानें गांवच्या सुताराला बोलावून हात लावून घेतले. पहिले आठ दिवस ती बसेचना. म्हणे, ‘त्यांच्या खुर्चीवर कशी बसूं?’ मग एके दिवशीं दुपारीं सगळीं निजल्यावर बसली. मीं पाहिलें, पण बोललें नाहीं.”

बाजाराच्या दृष्टीनें ते दोन सागवानी हात म्हणजे खोटेपणा. घराच्या इतिहासांत तेवढाच भाग खरा. राणीच्या खुर्चीचे हात सोन्याचे होते, बिशपाचे हात धर्मसत्तेचे. आमच्या आजीचे हात एका गांवच्या सुतारानें दोन दिवसांत ठोकून दिलेले. परंतु मानासाठीं निर्माण झालेली ही वस्तु ज्या दिवशीं दुखऱ्या गुडघ्यांच्या एका बाईला उठावयास आधार देऊं लागली, त्या दिवशीं तिचा लांबचा प्रवास, आमच्या घरापुरता तरी, मुक्कामास पोंचला असें मला वाटतें.

जुनी खुर्ची घेऊं पाहणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंति आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं आपला माळा आणि धान्याची खोली एकदां पाहावी. घरांत वृद्ध माणूस असेल तर त्याला विचारावें. आणि मग जी खुर्ची निवडाल ती कोण बसणार आहे हें मनांत धरून निवडावी. आमची खुर्ची विकली नाहीं. वांटणींत ती कोणाच्याहि नांवें लिहिली नाहीं. सध्यां ती आत्याकडे आहे, कारण आतां गुडघे तिचे दुखतात. नवा वेत मात्र विणून घेतला.